मोठी अक्षरं वाचणाऱ्या हरणाबाई

तेरच्या बसस्टँडवर राजेश्वरीबाईंचं हरणाबाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते हरणाबाईंनी आपल्या गाड्यावरच्या गिऱ्हाइकाच्या हातातली भज्यांची पुडी परत ओढून घेतली म्हणून. भजी त्यांनी दुसऱ्या कागदात ओतली, पहिला कागद गाड्याच्या फळीवर सपाट केला आणि बोट ठेवून वाचलं, "द-हा-वी-चा पे-पर फु-ट-ला." मग समोर उभ्या राजेश्वरीबाईंनाच विचारलं, "फुटला म्हंजी, किती लेकरांना लागलं वो?"

राजेश्वरीबाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना हसू आलं. पण हरणाबाईंच्या डोळ्यांत खरीच भीती दिसली, म्हणून त्यांनी ते गिळलं.

हरणाबाई मूळच्या सास्तूरच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि धाकटा भाऊ घराच्या भिंतीखाली गेले. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथं त्या वाचायला शिकल्या. चार महिन्यांत वर्ग बंद पडला. मोठी अक्षरं झाली, बारीक राहून गेली. त्यामुळं मथळा तेवढा वाचता यायचा. खालचा मजकूर आणि तारीख नाही. बातमी दहा वर्षांपूर्वीची असली तरी हरणाबाईंच्या गाड्यावर ती आजच घडायची. 'सोने घसरले' वाचून त्यांनी कानातल्या फुलांच्या फिरक्या आवळून घेतल्या. 'पाणी पेटणार' वाचलं, त्या दिवशी घागर शेगडीपासून चार हात लांब नेऊन ठेवली आणि गिऱ्हाइकांना तिकडं विडी ओढू दिली नाही.

"अहो हरणाबाई, ती बोलायची पद्धत असते. आपण नाही का म्हणत, पोटात कावळे ओरडतात?"

"ते पोटात वरडतेत, बाई. हे छापलंय."

हळूहळू लोभ जडला, आणि घरातली वर्षानुवर्षांची रद्दी त्या हरणाबाईंनाच देऊ लागल्या.

गेल्या डिसेंबरात राजेश्वरीबाई असाच एक गठ्ठा घेऊन गेल्या, तेव्हा हरणाबाई गाड्याशी ताठ उभ्या होत्या. झारा खाली पडला होता. कढईत भजी काळी पडत होती. हातातल्या फाटक्या कागदावर मोठ्या अक्षरांतले दोनच शब्द होते : 'बाजार कोसळला'.

त्या दिवशी ढोकीचा आठवडी बाजार होता. हरणाबाईंची एकुलती एक लेक शिवप्रिया तिथं बांगड्या विकायला बसायची.

राजेश्वरीबाईंनी चष्मा लावला. खाली बारीक अक्षरांत गुंतवणूकदार, निर्देशांक वगैरे होतं. 'शेअर' हा शब्द कुणाच्या तरी पुडीबरोबर आधीच निघून गेला होता. "हे मुंबईचं आहे, हरणाबाई. शेअर बाजार. आणि आठ वर्षं झाली याला. माझ्याच घरची रद्दी आहे ही."

"मंग शिवप्रिया फोन का उचलंना?"

राजेश्वरीबाईंनी स्वतः लावून पाहिला. घंटा वाजत राहिली. त्यांनी शेगडी बंद केली, आणि दोघी ढोकीच्या जीपमध्ये चढल्या.

हरणाबाईंनी राजेश्वरीबाईंचं मनगट घट्ट धरलं होतं. समोरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "दादा, ढोकीचा बाजार कोसळला म्हनं?"

"कवाचाच की मावशी!" मांडीवरचं पोतं सावरत तो म्हणाला. "सोयाबीनला कोन इचारतंय!"

हरणाबाईंच्या तोंडून नुसतं "अय्यो" निघालं. राजेश्वरीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "भाव! भाव कोसळला म्हणतायत ते!" पण हरणाबाई ऐकण्यापलीकडं गेल्या होत्या. कोसळणं या शब्दाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडला. पुढं धुरळा होता, माणसं धावल्यासारखी दिसत होती. पाचव्यांदा फोन लावला. पुन्हा नुसती घंटा. बारीक अक्षरं आपण स्वतः वाचलीत, हे राजेश्वरीबाईंना पक्कं माहीत होतं. तरी त्या जीपमधून बाहेर वाकून पुढं पाहू लागल्या. छापलेलं खोटं, की हा न उचललेला फोन खोटा, हे त्यांना त्या घडीला सांगता आलं नसतं.

बाजार उभा होता. मेथीच्या जुड्या होत्या, ओरडा होता. पण शिवप्रियाच्या जागेवर निळी ताडपत्री जमिनीवर पडली होती आणि तिथं कुणीच नव्हतं. हरणाबाई गुडघ्यांवर बसल्या नि दोन्ही हातांनी ती ताडपत्री उचकटू लागल्या.

"मावशे, काय हुडकायलीस?" शेजारची मसालेवाली गजराबाई ओरडली. "वारं आलं नि पडली ती. शिवप्रिया लग्नघरी गेलीय, नवरीला चुडा भरायला."

पाव तासानं शिवप्रिया बांगड्यांची पेटी घेऊन आली. "अव्वा! गाडा कुनावर टाकलास?"

"फोन का उचलला न्हाइस?"

"नवरीचा हात हातात असतोय. बांगडी फुटली तर सासू मलाच खाईल! पन तू इथं कशी?"

"बाजार कोसळलाय म्हनून आले."

शिवप्रियानं सभोवार पाहिलं. गजराबाईनं पाहिलं. हरणाबाईंनीही मान फिरवून पूर्ण बाजार न्याहाळला.

"अजून न्हाय कोसळला," त्या हळूच म्हणाल्या.

गजराबाई पोट धरून हसली. शिवप्रियाही हसायला लागली, पण आईनं तिचा हात काचेच्या बांगड्यांसकट घट्ट धरला. शिवप्रियानं तो सोडवून घेतला नाही. राजेश्वरीबाई ताडपत्रीचं टोक बांबूला बांधत राहिल्या. त्यांना गाठ लवकर जमेना.

दोघी परतायला निघाल्या, तेव्हा हरणाबाई दोन पावलं चालून थांबल्या. "बाई, तुम्ही व्हा फुडं. म्या बाजार उठंपर्यंत बसते हितं."

त्यानंतर बाजारच्या दिवशी तेरला त्यांचा गाडा दिसत नाही. त्या दिवशी हरणाबाई सकाळच्या पहिल्या जीपनं कढई नि शेगडी घेऊन ढोकीला जातात आणि शिवप्रियाच्या शेजारी बसून भजी तळतात.