डाळीवर धरलेली भिंगं

बहिर्गोल भिंग मी शाळेत फळ्यावर इतक्यांदा काढलं, की डोळे मिटूनही हात बरोबर वळला असता. मधे जाड, कडेला बारीक, पलीकडे एका बिंदूत गोळा होणारे किरण. नोकरीभर मी तेवढंच शिकवलं. भिंगांमध्येही माणसांसारखे स्वभाव असतात, हे मला कळलं ते सासूबाईंची नजर गेल्यावर.

मी अमरावतीची, लग्न होऊन अकोल्यात आले. घर वकिलांचं. पुढच्या खोलीत अशिलांची ये-जा आणि दुपारी मागच्या पडवीत आईंचं निवडण. सासूबाईंना मी आईच म्हणायची. तेल्हाऱ्याच्या शेतातली तूर भरडून आली, की त्या ताट मांडीवर घेऊन बसत. एका हाताने डाळ पुढे ओढायची, दुसऱ्याने खडा टिपायचा आणि तोंडाने साऱ्या गल्लीचा समाचार घ्यायचा. शाळेतून दमून आलेली मी तिथेच भिंतीला टेकून ऐकत बसे. त्या दुपारींची मला अजून फार आठवण येते.

मग आईंच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला. कडेचं दिसे, समोरचं पुसलेलं. तरी बोटांच्या भरवशावर त्या निवडत राहिल्या. माझ्या लेकीचे सासरे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा वरणभाताच्या दुसऱ्याच घासाला त्यांच्या दाढेखाली खडा आला. भला माणूस, त्यांनी तो गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला. पण आवाज आईंनी ऐकला होता. पाहुणे गेल्यावर त्यांनी ताट-सूप उचलून माळ्यावर टाकायला सांगितलं.

आमच्या वकीलसाहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दुकानातून पाकिटातली डाळ आणली आणि त्यांच्यापुरता खटला निकालात निघाला. आई मात्र पडवीत रिकामे हात मांडीवर ठेवून बसू लागल्या. कोणाशी बोलणं नाही, गल्लीची चौकशी नाही. मला ते बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, चष्म्याने काही होणार नाही, भिंग वापरून बघा. मी हट्टालाच पेटले.

पहिलं भिंग घरातलंच, जुनी खरेदीखतं वाचायचं. दांड्याचं, दोन्ही बाजूंनी फुगीर, जाड काचेचं. मधे उत्तम दिसे, कडेला आलेली डाळ मात्र वाकडीतिकडी होऊन पळे. शिवाय एक हात त्यातच अडकलेला. एका हाताने का कुठं निवडणं होतं, असं म्हणून आईंनी ते परत केलं.

मग अमरावतीला माहेरी गेले होते, तिथल्या स्टेशनरीच्या दुकानातून एक सपाट भिंग आणलं. पुठ्ठ्याएवढं पातळ प्लास्टिक, त्यावर गोल गोल बारीक रेघा. फुगीरपणा सगळा त्या रेघांत वाटून टाकलेला. वजन काहीच नाही, पण डाळ धुक्यात ठेवल्यासारखी दिसायची. तिसरं अर्ध्या लिंबासारखं, खालून सपाट, वरून घुमट. उजेड सगळा आपल्यात ओढून घेई, पंचांगातलं बारीक अक्षरसुद्धा टपोरं होई. आईंनी ते डाळीवर ठेवलं, खाली एक दाणा बोराएवढा झाला, आणि त्यांनी विचारलं, आता याले उचलू कशी?

चौथं लेकीने मागवून दिलं. गळ्यात दोरीने अडकवायचं, छातीवर टेकायचं. मोठं भिंग बेताचं, त्याच्या कोपऱ्यात बसवलेलं छोटं मात्र भलतं फुगीर, दाणा जवळ नेला की त्याचा कस काढणारं. कडेपर्यंत डाळ सरळ दिसे आणि दोन्ही हात मोकळे. मी माळ्यावरून ताट काढलं. आईंनी सगळी डाळ या कडेपासून त्या कडेपर्यंत चाळली आणि ताट बाजूला सारलं.

"यात तं काईच नाई. मले कावून बसवलं?"

इतकी खटपट करून मी त्यांना नजर दिली, आणि नजरेला दिसलं काय, तर आपल्यासाठी काम उरलेलं नाही. पाकिटातली डाळ यंत्राने निवडलेली. तेल्हाऱ्याची तूर निघायला अजून कितीतरी अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी मी अंगणातल्या कुंड्यांतले थोडे खडे स्वच्छ धुतले आणि डाळीत मिसळले. वकीलसाहेबांनी पाहिलं आणि खोटा पुरावा पेरतेस म्हणून चिडवलं. चिडवोत बापडे. पडवीत पुन्हा ताट वाजू लागलं, ताटाच्या कडेला खड्यांची ढिगली दिसू लागली. शेजारणीची सून माहेरी का गेली, याची चौकशीही सुरू झाली. मी शाळकरी पोरीसारखी खूश होते.

असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी आईंनी एक खडा कोपऱ्यातल्या छोट्या भिंगाखाली धरला. आवाज हळू केला.

"दाळीतला खडा दाळीच्याच रंगाचा असते, म्हणून तं तो चकवते. हे सारे लाल हायेत. कुंडीतले."

त्यांनी तो खडा ढिगलीत टाकला आणि पुढची डाळ ओढली.

"उद्या जरा पिवळे पाहून टाकजो. मंग निवडाले मजा येईन."

मी मान हलवली. मग ध्यानात आलं, की आईंचं भिंग डाळीवर होतं, माझी मान त्यांना दिसली नसणार. म्हणून मोठ्याने म्हणाले, "हो, आई."