दुधाची नसलेली दाढ

मला डायबिटीज झाला तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या नातेवाइकांनी तो माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला. घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मी आता थोड्याच दिवसांची पाहुणी असल्यासारखं माझ्याकडे बघायचे. एका काकूंनी तर माझ्यासमोरच मम्मीला विचारलं, "आता हिचं लग्न कसं होईल हो?" मला त्या वेळी पडलेला प्रश्न वेगळा होता. वाढदिवसाचा केक मी कापायचा आणि खायचा दुसऱ्यांनी, हे कुठल्या कायद्यात बसतं?

त्यात आमचं बऱ्हाणपूर. इथे सकाळी माणसं दूध आणायला निघतात आणि मावा जलेबी घेऊन घरी येतात. अशा गावात माझ्या स्वादुपिंडानं संप पुकारला.

मम्मी शाळेत विज्ञान शिकवते, पप्पा तेव्हा वीज ऑफिसात होते. दोघांनी माझ्या आजाराचा अभ्यास परीक्षेला बसल्यासारखा केला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, बोट टोचून शुगर बघणं, पोळ्या मोजून. आणि कधी शुगर एकदम खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, की ताबडतोब ग्लुकोजचं पाणी, साखरेचा चमचा किंवा बिस्किटं. म्हणजे जिला साखर बंद, तिलाच दिवसाढवळ्या घरचे चमच्यानं साखर भरवायचे. मला हा भाग फार आवडायचा. शुगर लो झाली की मी सोफ्यावर आडवी पडायची, गालात साखर धरून ठेवायची आणि तशीच झोपून जायची. उठवून चूळ भरायला लावावी असं कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्या बोटांवर, मांड्यांवर आणि ताटावर. तोंडात कुणी डोकावलंच नाही.

पाचवीत असताना खालच्या एका दाढेवर काळा ठिपका दिसायला लागला. पुढे त्या ठिपक्याचा खड्डा झाला आणि त्यात भाताचं शीत अडकायला लागलं. आमची आत्या नदीपलीकडे जैनाबादला राहते. तिथे त्यांची केळीची शेती आहे. ती आठवड्यातून एकदा पूल ओलांडून आमच्याकडे यायची आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर निकाल देऊन जायची. तिनं मोबाइलची बॅटरी लावून माझ्या तोंडात बघितलं.

"दुधाची दाढ आहे वो. पडून जाईल आपोआप. कशाले डॉक्टरले पैसे द्यायचे?"

मम्मीनंही मान हलवली. ती विज्ञान शिकवते खरी, पण दातांचा धडा बहुतेक परीक्षेला येत नसावा.

दाढ काही पडली नाही. शुगर मात्र वर चढायला लागली. आधी थोडी, मग रोज. इन्सुलिन वाढवलं तरी तीच गत. एका सकाळी तर मशीननं आकडा दाखवणंच सोडलं आणि पडद्यावर इंग्रजीत 'हाय' लिहून आलं. मला वाटलं, इतक्या वर्षांची ओळख आहे, नमस्कार करतं आहे. शुगर मोजण्याच्या पलीकडे गेली की ते तसं लिहितं, हे मला मम्मीच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग घरात चौकशी सुरू झाली. नेमका त्याच आठवड्यात आत्यानं दराब्याचा डबा आणला होता. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर घोटून घोटून केलेली आमच्याकडची मिठाई. चावावी लागत नाही, जिभेवर ठेवली की विरघळते. डबा कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलेला. आत्यानं तो खाली काढला आणि उघडून मम्मीसमोर धरला. निम्मा रिकामा.

"पाह्य, चोरून खाऊ राहिली ही."

"मी नाही खाल्ला!"

"मग काय पालीनं खाल्ला? तोंड पाह्य कसं वास मारू राहिलं तुझं."

तोंडाला वास येत होता हे खरं. पण दराब्याचा वास असा नसतो, एवढं तरी बऱ्हाणपूरच्या बाईला कळायला हवं होतं. मम्मी नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते आत्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी रडले, जेवले नाही. त्यामुळे मी चोर आहे अशी सगळ्यांची खात्रीच पटली. पप्पा पेपर वाचत बसले होते. त्या दिवशी त्यांनी पेपर फारच मन लावून वाचला.

दोन दिवसांनी उठले तर माझा उजवा गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. तोंड उघडेना, अंगात ताप. मम्मीनं शाळेत सुट्टी टाकली आणि आम्ही सगळे बऱ्हाणपुरातल्याच लालबाग भागात दातांच्या डॉक्टरकडे गेलो. आत्याही आली. निकाल तिनंच दिला होता, शिक्षा बघायला ती येणारच.

डॉक्टर तरुण बाई होती. हिंदी-मराठीची खिचडी बोलायची. तिनं मला जमेल तेवढं तोंड उघडायला लावलं, आरसा फिरवला आणि विचारलं, "इतने दिन काय करत होतात?"

"दुधाचीच दाढ आहे ना," आत्या म्हणाली.

"नाही मावशी, ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागून, चुपचाप. आधी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच. ही गेली की दुसरी येत नाही." मग ती मम्मीकडे वळली. "आत पू झाला आहे. शुगर किती दिवसांपासून वाढलेली आहे?"

"आठवडा झाला," मम्मी म्हणाली. "पण ती चोरून गोड खाते आहे. मिठाईचा डबा निम्मा झाला."

"गोड खाल्ल्यानं एखाद्या वेळी वाढेल. अशी चढून बसली आहे ती या पुवामुळे. इन्फेक्शन असलं की इन्सुलिन काम करत नाही."

बाकावर बसलेल्या पप्पांनी घसा साफ केला.

"दराबा मी खाल्ला," ते म्हणाले.

आत्यानं आपल्या सख्ख्या भावाकडे असं बघितलं की तिथला चिमटा घेऊन ती त्यांचीच दाढ काढते की काय असं मला वाटलं. मला हसायचं होतं, पण गाल हलत नव्हता. हे दुःख मला अजून आहे.

त्यानंतर दोन डॉक्टरांची जुंपली. आमचे शुगरचे डॉक्टर वयस्क, फोनवर मोठ्यानं बोलणारे. दाताची डॉक्टर म्हणे, शुगर खाली आल्याशिवाय मी दाढ काढणार नाही. ते म्हणे, दाढ गेल्याशिवाय शुगर खाली येणार नाही. मम्मी मधे फोन धरून उभी. पप्पा हळूच म्हणाले, "आमच्या ऑफिसात पण असंच चालतं." शेवटी तोडगा निघाला. बाईंनी लगेच पू काढून टाकला, अँटिबायोटिक दिलं. शुगरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. शुगर हळूहळू उतरली आणि मग एका सकाळी, नाश्ता करून, माझी पक्की दाढ काढली. दाढ वाचण्यासारखी राहिलीच नव्हती.

खरी गंमत परत येताना झाली. पू गेला, इन्फेक्शन उतरलं, पण इन्सुलिनचा डोस अजून वाढवलेलाच होता. रिक्षात मला घाम फुटला, हात कापायला लागले. मम्मीनं पर्स उलटी केली. ग्लुकोजची पुडी घरी. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर, बिस्किट चावणं अशक्य. पप्पांनी रिक्षा एका जलेबीवाल्यापुढे थांबवली.

"पाक द्या. एक पेला."

"आणि जलेबी किती?"

"जलेबी नको, नुसता पाक!"

"साहब, ऐसा नहीं बिकता."

तेवढ्यात आत्या खाली उतरली. तिनं स्वतःच पेला उचलला, पाकात बुडवला आणि वरून पाणी ओतून माझ्याकडे घेऊन आली. मम्मीनं बोळा काढला. मी पीत होते आणि निम्मा पाक हनुवटीवरून फ्रॉकवर गळत होता. किडलेली दाढ काढून तासही झाला नव्हता आणि मी भररस्त्यात साखरेचा पाक पीत होते. जलेबीवाला आम्हाला वेड्यांच्या दवाखान्यातून सुटलेले समजला असणार. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण पेलाही परत घेतला नाही.

मी थोडी सावरले तसं मम्मीनं रिक्षातच फोन लावला. शुगरच्या डॉक्टरांनी डोस कमी केला आणि फोन न लावताही ऐकू येईल इतक्या आवाजात तिला रागावले.

त्यानंतर घराला नवं खूळ लागलं. मम्मी ब्रशवर पहारा द्यायची. शुगर लो होऊन काही गोड दिलं की मी ठीक झाल्याबरोबर चूळ. दर सहा महिन्यांनी लालबाग. पप्पा माझ्यासमोर दराबा खायला लागले, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि आत्या. एकदा मला तपासून झाल्यावर ती डॉक्टरला म्हणाली, "माझेही दात जरासे हालू राहिले, पाह्य बरं." बाईंनी बघितलं, हिरड्या दाबल्या आणि शुगरमुळेही दात हलतात म्हणून तिला रक्त तपासायला पाठवलं. शुगर निघाली. आत्यानं आधी मशीनला शिव्या दिल्या, मग पॅथॉलॉजीवाल्याला, मग मला. माझ्याकडूनच तिला लागली, असं तिचं म्हणणं पडलं. हा आजार असा लागत नाही आणि तिचा प्रकारही माझ्याहून वेगळा आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलेलं नाही.

आता मी नेपानगरला नोकरी करते. सुट्टीला आले की आम्ही दोघी लालबागला जातो. त्या बाईंचे केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्या दाढेच्या जागी मागची दाढ थोडी वाकून आली आहे, बाकीचे दात शाबूत आहेत. आत्याचे वरचे चार गेले. मागच्या खेपेला ती खुर्चीवर बसली आणि बाईंनी विचारलं, "रात्री ब्रश करता ना, मावशी?"

"करते ना."

"खोटं," मी म्हणाले.

"ही चुगलखोर पोरगी बाहेर काढा आधी," आत्या म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.