धुतलेली बासनं

सतराव्या वर्षी मी साठ-सत्तर माणसांची नावं सोड्याच्या पाण्यात उकळून काढली. वर नीळही घातली. एवढ्यावर थांबले नाही, सासूबाईंना हाक मारून दोरीवरची ओळ दाखवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

मी तेव्हा नुकती लग्न होऊन मंगळवार पेठेत आले होते. मॅट्रिक पास होते. हे मी तेव्हा न विचारताही सांगत असे, पाणी मागायला आलेल्या माणसालासुद्धा. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, संस्थानच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तीस वर्षं त्यांनी सुट्ट्या पायी काढल्या होत्या, गावोगाव, जुन्या हस्तलिखित पोथ्या मागत. घराच्या खालच्या दोन खोल्या त्या पोथ्यांनी भरल्या होत्या. संस्थान विलीन झालं तेव्हा मामंजी म्हणाले, आता राजाचं जे होतं ते सगळ्यांचं झालं, मग माझं एकट्याचं कशाला ठेवू? चार सभ्य माणसांची समिती झाली. खालच्या खोल्यांत वाचनालय करायचं, दुर्मीळ पोथ्या काचेत ठेवायच्या, कुणीही यावं आणि बघावं, असं ठरलं. समिती पाहणीला येणार होती. मामंजी त्याच आठवड्यात डोळे दाखवायला मिरजेला गेले. त्यांना तेव्हा उजेड आणि माणसाचा आकार, एवढंच दिसत असे.

आता पोथी म्हणजे सुटी पानं. वर-खाली लाकडी फळी, आणि भोवती बांधलेलं चौकोनी फडकं, ते बासन. ती बासनं मी पाहिली आणि मला शिसारी आली. तेलाचे डाग, हळद, चुलीचा धूर, झुरळांची घाण. अशा चिंध्या समितीला दाखवायच्या? मॅट्रिक पास सून घरात असताना? मी सगळी बासनं सोडली, पोथ्या फळ्यांसकट नीट रचल्या आणि परसात चूल पेटवून फडकी उकळायला टाकली. काही फडक्यांवर शाईनं लिहिलेलं होतं, ते मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि जास्त घासलं.

सासूबाई दोरीकडं बघून म्हणाल्या, "काय गं बाई, वरातीला पायघड्या घालणारेस का यांच्या?" मला ती शाबासकी वाटली.

मामंजी आले. हातपाय धुऊन खाली जाऊन बसले, सवयीनं एक पोथी मांडीवर घेतली आणि फडक्यावरून हात फिरवला.

"हे नवीन आणलं?"

"नाही मामंजी, तीच आहेत. धुतली. बघा, बगळ्याच्या पंखासारखी झालीत."

"सगळी?"

"सगळी. एकसुद्धा राहू दिलं नाही."

त्यांनी फडक्याचे चारही कोपरे बोटांनी चाचपले. मग म्हणाले, "पाणी कुठं ओतलंस?"

"केळीला."

"बरं," ते म्हणाले.

त्या फडक्यांवर काय होतं, ते मला सासूबाईंनी सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. घरातली पोथी कुणी सहजासहजी देत नाही. ती देवाजवळ असते, ती दिली की घर ओकं होतं. मामंजी देणाऱ्याला शब्द द्यायचे की पोथी जिथं राहील तिथं तुमचं नाव राहील. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरच्या फडक्यावर, शाळेची शाईची वडी पाण्यात कालवून ते नाव लिहायचे. वही त्यांनी कधी केली नाही. वही एकीकडं राहते आणि पोथी एकीकडं जाते, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकून मी रडायला हवं होतं. रडण्याच्या बाबतीत मी एरवी फार तयारीची. माहेरचं कार्ड एक दिवस उशिरा आलं तरी डोळे पुसायची. त्या दिवशी डोळ्यांत काही आलं नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्याला मीठ कमी आहे एवढं कळलं, आणि भांडी घासली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं खाली बसायचो. मी पोथी सोडून पहिलं पान वाचायची. दोन ओळी झाल्या की मामंजी हात वर करायचे आणि पोथीचं नाव सांगायचे, मग थोडं थांबून देणाऱ्याचं. मी जाड कागदाच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहायची. ते रागावले नाहीत. बाहेर कल्हईवाला ओरडत जायचा, आम्ही आपले वाचतोय, लिहितोय, बांधतोय. समितीला पुढची तारीख दिली. महिना गेला. सगळी नावं परत आली, एक सोडून.

"शाहूवाडीकडची पोथी ही," मामंजी म्हणाले. "फणसाखाली घर. नवरा श्रावणात गावाला वाचून दाखवायचा. तो गेल्यावर बायकोनं दिली. आधी ताक दिलं, मग पोथी." एवढं आठवलं, नवऱ्याचं नाव आठवेना.

समितीतले वकील म्हणाले, "दाता अज्ञात, असं लिहू या की."

"अज्ञात कसा? मला माहीत आहे तो. आठवत नाही एवढंच," मामंजी म्हणाले.

आठवण्याआधीच, श्रावणात, ते गेले. तेव्हाही मी कोरडीच होते. पाहुण्यांचा चहा केला. पुढं वाचनालय सुरू झालं, भाषणं झाली, काचेच्या कपाटात पोथ्या बासनं सोडून मांडल्या. त्या एका पोथीपुढच्या चिठ्ठीवर मी 'दाता' एवढंच लिहून पुढं जागा सोडली होती. रोज दुपारी तिथं बसायचं काम माझ्याकडं आलं. मी ती जागा रोज बघायची. आपण भिंत बघतो ना, तशी.

दिवाळीनंतर एक म्हातारी आली. कपाळ मोकळं, पायात वहाणा नाहीत, अंबाबाईच्या देवळातून तशीच चालत आलेली.

"हितं पोथ्यांचं मास्तर ऱ्हात्यात न्हवं?"

"गेले ते. श्रावणात."

"सुटलं म्हण की," ती म्हणाली आणि कपाटांपुढून चालू लागली. वाचता येत नव्हतंच. ती पोथ्यांच्या लाकडी फळ्या बघत होती. एका फळीपाशी थांबली, तिचा कोपरा जळलेला होता. "ही आमची. दिवा पडलावता हिच्यावर. मालकांचं नाव कुठं लिवलंय? वाच की."

मी सांगितलं. बासन, सोडा, चूल, सगळं. ती मान हलवत ऐकत होती, दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकावं तशी. सांगून झाल्यावर मी टाक शाईत बुडवला आणि उत्साहानं म्हणाले, "आजी, तुम्ही नाव सांगा, आत्ता लिहिते."

तिनं काचेवर हात ठेवला. तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. पण तिथं तरी थांबायचं! मॅट्रिकची अक्कल मध्ये आली. "मग उखाण्यात घ्या की," मी म्हणाले. विधवा बाईला. माझ्या हातून झालेला खरा मूर्खपणा पहिला की दुसरा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

शाईचा थेंब चिठ्ठीवर पडला. मी तो टिपला. त्या चिठ्ठीवर आज नाव आहे, माझ्याच अक्षरात आहे. ते कसं आलं त्यात माझी हुशारी काडीची नाही. तिनं काचेवरचा हात काढला, पदर सारखा केला आणि म्हणाली:

"उखाणा ऐकणारा हुता तवर घेतला. आता तुझ्या कागदासाठी न्हाई घ्यायची मी. तू धुतलंयस न्हवं? मग तूच ये आमच्या गावाला, आन् इचार चार माणसांस्नी. ताक दीन तुला."