पाठीमागून दिसलेली बैठक

मैदानावर पालकांनी मुलींच्या मागे, जाळीपाशीच उभं राहायचं, असा खो-खोच्या सरांचा नियम. मला तो अपमानच वाटायचा. पण त्या नियमामुळेच लेकीची वजन घेऊन मारलेली बैठक मला मागून दिसली. सर समोर उभे राहून तिच्या खांद्यावरचा बार सरळ आहे ना, ते बघत होते. मैत्रिणी टाळ्या वाजवून तिला चेव आणत होत्या. आणि उठताना तिची कंबर दर वेळी हळूच उजवीकडे सरकत होती.

मागच्या वर्षी तिचा डावा गुडघा दुखावला होता. आता बरा आहे, असं सगळेच म्हणत. घरी मात्र ट्रॅक पॅन्ट चढवताना डाव्या पायावर उभं राहायची वेळ आली, की ती भिंतीला टेकायची. दुसऱ्या दिवशी खो-खोच्या जिल्हा संघाची निवड होती, आणि खांबाला वळसा घालताना सगळा भार एकाच पायावर येतो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी तडक सरांपुढे जाऊन सांगितलं, की तिचा डावा पाय अजून कच्चा आहे.

"ताई, दोन्ही पायांवर एवढं वजन उचलून राहिली पोरगी. अजून काय पाहिजे तुमाले?"

"एका पायावर उठवून दाखवा तिले."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की वैरिणीकडेही कुणी पाहू नये. सरांचं सगळंच चुकत होतं असं नाही. दोन्ही पायांच्या बैठकांनीच तिची ताकद वाढली होती. ती कुठल्या पायात वाढली, हे बारला कळत नव्हतं इतकंच.

सरांनी बाक ओढून तिला त्यावर बसवलं. उजव्या पायावर ती सहज उठली. डाव्यावर उठताना गुडघा आत कलला आणि ती धपकन खाली बसली. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

"अजून एकदा," ती म्हणाली. पुन्हा तेच झालं.

सरांनी बारची वजनं स्वतःच्या हाताने उतरवली. "उद्या नको," एवढंच म्हणाले.

"तू काहून बोलली वं आई?" स्कूटरवर मागून तिने एकदाच विचारलं. मला रडू येत होतं, रागही येत होता. तिचं भलं केलं की वाटोळं, काही कळेना.

सकाळी निवड सुरू व्हायच्या वेळेला मी पोळ्या करत होते. ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्या पायावर आला.

"हलू नको वं," ती म्हणाली.

तव्यावरची पोळी करपली. मी हलले नाही.