मानसिंगचा तिसरा वॉकीटॉकी

दिनांक १० नोव्हेंबर २०२५ रोजी आमच्या उपसा सिंचन संस्थेने दोन वॉकीटॉकींसाठी ११,४०० रुपये मंजूर केले. सचिव म्हणून खरेदी माझ्याकडे आली आणि बारामतीला जाताना पंपचालक मानसिंग माझ्या गाडीवर मागे बसला. मी एकट्याने जाऊन काय आणीन, याचा त्याला भरवसा नव्हता.

आमचा पंप इंदापूरच्या हद्दीत, नीरेच्या काठी खोलात आहे. पाइपलाइनच्या वरच्या टोकाला, अडीच किलोमीटरवर, अविराज शेतांना पाणी सोडतो. पंपाजवळ मोबाईल लागत नाही. गेल्या वर्षी वरचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालूच राहिला आणि पाइप फुटला. मानसिंगने मुद्दाम केले, असे सभासद म्हणाले. संचालकांनी त्याला बजावले, पुन्हा पाइप फुटला तर घरी बसायचे.

मानसिंगचे वडील मेंढरे घेऊन घाटाखाली जात. हा पंपावर लागला तो तिशीत. संशय त्याच्या अंगातच आहे. सख्ख्या मेव्हण्याने दिलेली शेळीसुद्धा त्याने आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवली, मग दावणीला बांधली.

दुकानदाराने दोन प्रकारचे संच पुढे ठेवले. एक पाच वॅटचा, लांब पल्ल्याचा आणि निम्म्या किमतीचा. दुसरा लहान, कमी पल्ल्याचा, ५,७०० रुपयांचा.

"स्वस्तातला लांब जातोय व्हय?" मानसिंग म्हणाला. "खोट कशात हाय?"

"खोट कसली, आबा? सगळे हाच नेतात."

"लायसन लागतं का?"

"कोण विचारतंय हितं?"

"मग बिलावर लिवा, लायसन लागत न्हाय म्हणून. सही करा."

दुकानदार हसला, पण पेन काही उचलले नाही.

मी त्या दिवशी खरेदी थांबवली आणि नियम वाचून काढले. ४४६ मेगाहर्ट्झच्या ठरावीक पट्ट्यातला, कमी ताकदीचा हातातला संच परवान्याशिवाय वापरता येतो. मात्र त्या मॉडेलला सरकारी मान्यता असावी लागते. कोणत्याही चॅनेलवर लावता येणाऱ्या त्या पाच वॅटच्या संचाला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. विनापरवाना सापडला तर जप्ती आणि दंड. मी मान्यतेचा क्रमांक ताडून दोन लहान संच घेतले.

ते अर्ध्या वाटेतच मुके झाले. मधे माळाचा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उभा ऊस. माळावर आमच्या सभासद शकुबाईचे घर आहे. तिथून मात्र दोन्हीकडचे स्पष्ट ऐकू येई. म्हणजे तिसरा संच शकुबाईकडे ठेवायचा आणि तिने निरोप पुढे सांगायचा.

"त्या बाईकडं?" मानसिंग उखडला. "दुसऱ्याची पाण्याची पाळी आली की लवकर बंद करायला लावंल, आन् सोताचं रान भिजवत बसंल."

पण दुसरा मार्ग नव्हता. संचालकांनी तिसऱ्या संचाला पैसे नाकारले. नोकरीसाठी मानसिंगने तो स्वतः घेतला. पाच हजार रोख दिले, बाकी उधार.

पुढे रोज त्यांचे भांडण ऐकू येई.

"बंद करा, मानसिंगराव."

"अविराज बोलला का तुमीच?"

"न्हाय, माझी म्हस बोलली!"

जानेवारीत शकुबाईच्या रानाची पाळी होती. पाणी सुरू होऊन जेमतेम तासभर झाला असेल. मी पंपावर वीजमीटरचे रीडिंग घ्यायला गेलो होतो.

"बंद करा! अविराज म्हणतोय सांधा फुगलाय!" शकुबाई ओरडली.

मानसिंग बटणाकडे गेला आणि थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "हिची पाळी हाय, सचिवसाहेब. हिचंच पाणी. बंद करा म्हणून ही कशापायी सांगंल?"

त्याने क्षणभर डोळे बारीक केले. "सोताचं पाणी खोट्यासाठी कोण सोडतंय?" असे पुटपुटत त्याने बटण दाबले.

आम्ही वर जाऊन पाहिले. वरच्या सांध्याचे दोन बोल्ट तुटले होते, तिसरा वाकला होता. पाइप वाचला. मानसिंगची नोकरी राहिली. शकुबाईला अर्धी पाळी पुढच्या आठवड्यात भरून दिली. त्या वेळी मला पंपावर बसवून मानसिंग स्वतः तिच्या बांधावर घड्याळ घेऊन बसला.

तिसऱ्या संचाचे सातशे रुपये मानसिंगकडून दुकानदाराला अजून येणे आहेत.