ताई वाट पाहायच्या

सुगंधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंद्रीच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्यांची सून सविता बोलत होती. "येतो," म्हणालो आणि निवडलेली वांगी तोलून घेऊनच निघालो... असा मी.

ताईंच्या गोष्टींतली भांडकुदळ म्हैस, गप्पिष्ट मुंगूस तुमच्या पोरांना ठाऊक असतील. धाडच्या शाळेत आम्ही दोघं शिकवायचो, आमचे वर्ग शेजारी होते. गोष्ट छापायला जाण्याआधी ताई ती मला आणि मग वर्गाला वाचून दाखवायच्या आणि तीत मुद्दाम एखाद-दुसरी चूक लिहून ठेवायच्या. शेळीनं अंडं दिलं, असं वाचून थांबायच्या. वर्गात लगेच गलका व्हायचा, "बाई, शेळी कुठी अंडं देते काय!" ताई खूश. "टोकलं म्हणजे पोरं ऐकून राह्यले," म्हणायच्या. छापायला देताना चूक काढून टाकायच्या.

वर्षानुवर्षं मीही टोकत आलो. निवृत्त झालो आणि मोबाइलचं खूळ लागलं, खोटं कशाला बोलू? दिवाळीनंतर ताई नवी वही घेऊन घरी आल्या. त्या वाचत होत्या, माझा अंगठा मोबाइलवर आणि तोंडानं नुसतं हो, हो. "झकास जमली, ताई," मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. "भाऊ, मी दोनदा थांबली. तुमी दोनदा हाव म्हणाले." रागावल्या नाहीत. चहा घेतला, गेल्या. पुन्हा कधी गोष्ट वाचून दाखवली नाही आणि मीही म्हटलं नाही, वाचा. उलट सुटलो असंच वाटलं, हे लिहिताना मान वर होत नाही.

शोकसभेत "ताईंचे पहिले श्रोते" म्हणून मला बोलायला उभं केलं. शेवटची गोष्टसुद्धा आधी मीच ऐकली, असं मी सांगून बसलो. लोकांनी डोळे पुसले. सविता समोरच बसली होती. निघताना तिनं ताईंची ती वही माझ्या हाती दिली. "काका, छापायले द्याची आहे. यातल्या चुका तेवढ्या काढून द्या. तुमाले त माहीतच असतील."

आठ दिवस वही घेऊन बसलो. रुसलेला कोंबडा तीन दिवस आरवत नाही... ही चूक की गोष्ट? मला कळेना. शेवटी सविताकडे गेलो आणि सांगून टाकलं, यातली एकही गोष्ट मी ऐकलेली नाही.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "माहीत हाय. मीच ऐकल्या त्या, इथं बसून. सभेतच टोकणार होती मी तुमाले," ती म्हणाली. "पण म्हटलं, थांबून पाहाव."