मागे घेतलेली साक्ष

मी जन्माची फटकळ. अमरावतीच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत शिकले ती छड्या खात आणि उलट उत्तरं देत. लग्न होऊन अकोल्याला निघाले तेव्हा आई म्हणाली, "तिथं जीभ सांभाळजो माय." सांभाळली असती तर बरं झालं असतं.

आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची गोष्ट. नवरा जिनिंगमध्ये फिटर होता, दिवसभर कापसाच्या धुळीत. रविवारी चर्चमध्ये तोच पेटी वाजवायचा आणि गीत सुरू करायचा. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबायचा. त्या आवाजाला आधी खोकला लागला, मग बारीक ताप. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि टी.बी. सांगितला. एक दिवसाआड इंजेक्शन, कितीतरी महिने, आणि बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली.

कंपाउंडर सायकलवर यायचा आणि सुई उकळून टोचून जायचा. दीडेक महिन्यात ताप उतरणीला लागला. नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंनी चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना घरी बोलावलं. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची आमच्या मंडळीत रीत होती. चार म्हातारे खाटेभोवती उभे राहिले, वाटीतलं तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले. तिसऱ्या दिवशी ताप गेला. नवऱ्यानं भाकरी मागून खाल्ली. माय वं, मला तर अंगणात नाचावंसं वाटलं!

देवानं असं काही केलं, की रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं. त्याला आम्ही साक्ष म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाक साक्ष. मिळायच्या आधीच मिळालं म्हणाव लागते, यालेच विश्वास म्हणतेत." मला काय, बोलायला निमित्तच हवं. डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूनं उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझे मालक पूर्ण बरे झाले." चर्चभर आमेन झालं. पेटीवर बसलेला नवरा खाली बघत होता. लाजला असेल, असं मला वाटलं.

मंगळवारी कंपाउंडर आला. आता सुई टोचून घेतली, तर माझी साक्ष खोटी ठरली नसती का? देवानं बरं केलं म्हणायचं आणि मागच्या दारानं औषध चालू ठेवायचं? मी त्याला चहा पाजला आणि दारातूनच परत पाठवलं. "आता सुई कायले पायजे?" असंही वर म्हटलं. नवरा खाटेवर बसून ऐकत होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

त्यानंतर तो दर रविवारी पेटी वाजवत राहिला. गाणं मात्र दुसऱ्यांवर सोडलं. मी विचारलं, तर म्हणायचा, "मले बरं हाय." चार महिन्यांनी चर्चमधून घरी येताना रस्त्यावरच त्याच्या तोंडातून रक्त आलं. डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनं कोणी बंद केली? मी म्हटलं, मी. पुन्हा सुया सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. उन्हाळा संपायच्या आत तो गेला.

महिन्याभरानं चर्चचा माणूस आमच्या घरी असायची ती पेटी न्यायला आला. द्यायच्या आधी पुसावी म्हणून मी पेटीचं खोकं उघडलं. तळाशी दहा-बारा रुमाल होते, धुऊन घडी केलेले. प्रत्येकावर न निघालेला तपकिरी डाग होता. बायकोची साक्ष खोटी पडू नये, म्हणून हा माणूस रुमाल तोंडात कोंबून खोकला दाबत होता. चार महिने! वाजवता वाजवता! मी तिथंच फतकल मारून बसले आणि कपाळ बडवून घेतलं.

त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली. जेवणाआधी हात जोडायचे बंद केले. सासूबाई एकट्याच पुटपुटायच्या, मग त्यांनीही सोडलं. मी चर्चला जायची ती फक्त लोकांनी घरी येऊन समजावू नये म्हणून. देव नाहीच, असं मी ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या बाईच्या घरी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा झाली होती. एक दिवस ती पीठ मागायला आली आणि दारातच थांबली. "कोणासंग भांडून राह्यली वं? घरात तं कोणी दिसत नाई."

मी भाकरी थापता थापता बडबडत होते. देवाशी, असं तिला सांगितलं.

"अन् तो हाय असं तुले वाटत नाई म्हणतं ना?"

"नाही वाटत."

"मंग कायले भांडतं? आमी तं घरातले समदे देव काढून टाकले. एकालेबी बोलाव लागत नाई आता." एवढं म्हणून ती पीठ घेऊन गेली.

ती गेली आणि मी तव्यावरची भाकरी जाळली. खरंच की! जो नाही त्याच्याशी मी इतके महिने रोज भांडत होते. त्याआधी इतकी वर्षं जी प्रार्थना केली, ती रेशनच्या दुकानदाराशी बोलावं तशी होती, गोड गोड, काही पदरात पडावं म्हणून. मनातलं खरं मी त्याच्याशी पहिल्यांदा या वर्षात बोलले होते, तेही शिव्या देत.

मग उत्तम शुक्रवार आला, येशूला वधस्तंभावर दिलं तो दिवस. चर्चचे पाळकसाहेब दरवर्षीचंच सांगत होते, मी मात्र त्या दिवशी ऐकलं. वधस्तंभावर टांगलेल्यानंही मरताना बापाला 'काहून', का सोडलंस, म्हणूनच विचारलं होतं. आणि वरून कोणी ओ दिली नव्हती. सांत्वन झालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासारखाच एक तिथं होता.

दोनच दिवसांनी, रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाच्या साक्षी चालल्या होत्या. मी उभी राहिले. "मागं मी इथं खोटं बोलले. माझे मालक बरे झाले नव्हते. सुई मी बंद केली. देवानं नाही केली. आता मी त्याला रोज विचारते, काहून? तो बोलत नाही. पण विचारायला मला दुसरं कोणी नाही." मी खाली बसले. कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गीत सांगितलं.

घरी परतताना सासूबाई अर्ध्या वाटेत रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "ते रुमाल मीच धुत होती."

माझे पाय थांबले. तोंडात आलं होतं ते बोलले असते, तर त्या म्हातारीनं तिथंच प्राण सोडला असता. जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली.

घरी येऊन चूल पेटवली, दोन भाकऱ्या केल्या, ताटं घेतली. सासूबाईंनी ताटावर हात जोडले. कितीतरी महिने मोडलेली रीत होती ती. मीही जोडले. त्यांचे ओठ हलले.

"काहून, बापा?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी आमेन म्हटलं.